बर्फातलं जॅकेट: इंदूरमध्ये काय घ्यावं, काय टाळावं

डिसेंबर लागला की इंदूरमध्ये बर्फाची जॅकेटं दोन ठिकाणी दिसतात: क्रीडासाहित्याच्या मोठ्या दुकानांत आणि तिबेटी विक्रेत्यांच्या गरम कपड्यांच्या बाजारात. दोन्हीकडे गिऱ्हाईक विचारतं, "मायनस किती चालेल?" खरं तर बर्फात नुसतं उभं राहायचं आहे, चढायचं आहे की स्कीवर घसरायचं आहे, यावर जॅकेट ठरतं.

गुलमर्गचा गोंडोला (केबल कार) किंवा मनालीजवळच्या सोलांगला मुलांसोबत बर्फात खेळणं, एवढंच असेल तर तिबेटी बाजारातलं सिंथेटिक भरावाचं जाड जॅकेट बिनधास्त घ्या. लांबी मांडीपर्यंत हवी, म्हणजे बर्फात बसलं तरी कंबर उघडी पडत नाही.

हेच जॅकेट उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकला दगा देतं. शिखर सुमारे 3,800 मीटरवर आहे. चढताना घाम येतो, तो जाड भरावात अडकतो आणि थांबल्याबरोबर अंग गारठतं. तिथे थर हवेत: आत घाम बाहेर टाकणारा बनियन (सुती मुळीच नको), त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कापडाचं उबदार जॅकेट), वर पातळ वॉटरप्रूफ शेल, म्हणजे भराव नसलेलं बाहेरचं जॅकेट. पिसांचं जॅकेट सॅकमध्ये ठेवा आणि थांबल्यावर घाला. ते भिजलं की पिसं चिकटून बसतात आणि ऊब जाते. लेबलवरचा 600 किंवा 800 हा फिल पॉवरचा आकडा फक्त पिसांची फुगण्याची ताकद सांगतो. आत पिसं किती ग्रॅम आहेत, तेही विचारा.

औलीला स्कीइंग शिकताना माणूस सारखा पडतो. म्हणून 10,000 मिमीचं वॉटरप्रूफिंग (कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं त्याचं माप), आतून टेप लावलेली शिलाई, काखेत हवा खेळायला चेन आणि कमरेला बर्फ अडवणारा इलास्टिकचा पट्टा बघून घ्या. हुड हेल्मेटवरून बसलं पाहिजे.

एकाहून जास्त तऱ्हेच्या सहलींसाठी एकच जॅकेट घ्यायचं असेल, तर आतलं फ्लीस सुटं होणारं थ्री-इन-वन आम्हाला सगळ्यांत पटतं. वजन जरा जास्त असतं, तेवढं सोसावं.

दुकानात जाडसर स्वेटर घालूनच माप घ्या. दोन्ही हात वर करा. पोट उघडं पडलं तर एक साइज मोठी बघा. हातमोजे घालून चेन ओढून पाहा, बारीक ओढणी बोटांत येत नाही.

घरी धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरू नका, त्याने पाणी झटकण्याचा गुण कमी होतो. पिसांचं जॅकेट पावसाळाभर सुटकेसमध्ये कोंबू नका, कोरडं करून हँगरवर लटकवा.