टिंट मीटर: खाचेचा की दोन तुकड्यांचा?

गाडीची काच किती काळी आहे हे नजरेने ठरवता येत नाही. आतली सीट काळी असली की साधी काचही गडद वाटते, म्हणून तपासणीला मीटर हवाच. काचेतून दृश्य प्रकाश किती टक्के आरपार जातो, हे तो दाखवतो.

खाचेचा मीटर काच अर्धी खाली करून तिच्या कडेवर बसवतात. काम झटपट होतं, पण पुढची काच, मागची काच आणि न उघडणाऱ्या काचा राहून जातात. दोन तुकड्यांच्या मीटरमध्ये एक तुकडा प्रकाश सोडतो, दुसरा मोजतो. काचेच्या दोन्ही बाजूंना ते समोरासमोर चुंबकाने धरले जातात. तपासणीच्या कामाला हाच घ्यावा.

वापरण्याआधी दोन्ही तुकडे मध्ये काच न ठेवता जोडायचे. आकडा १०० यायला हवा. मग सोबतची नमुना काच लावून तिच्यावर लिहिलेल्या आकड्याशी ताळा बघायचा. नमुना काच न देणारा मीटर कितीही स्वस्त असला तरी नको. दंडावरून वाद झाला तर त्याचा आकडा कोण मानणार?

रीडिंग चुकतं ते बहुधा हाताळणीमुळे. धूळ, दव, मागच्या काचेवरची डिफॉगरची (दव घालवणाऱ्या तारेची) रेघ, किंचित सरकलेले तुकडे, या सगळ्यांनी आकडा खाली येतो, म्हणजे चूक चालकाच्या अंगावर जाते. म्हणून काच पुसून तीन ठिकाणी मोजावं. ऊन सेन्सरमध्ये शिरलं तर मात्र आकडा फुगतो. चांगल्या मीटरचा दिवा वेगाने उघडझाप करतो आणि सेन्सर तेवढाच प्रकाश धरतो, त्यामुळे हा दोष जवळपास जातो.

मीटरच्या माहितीपत्रकात ±२ टक्के अचूकता लिहिली असेल आणि किमान ७० टक्के प्रकाशाची मर्यादा असेल, तर ६९ वर कारवाई करणं कच्चं काम. ६५ वर शंका उरत नाही.

खरा घोळ काचेवर चिकटवायच्या फिल्मच्या आकड्यात होतो. विक्रेता ‘७० ची फिल्म’ म्हणतो, पण मूळ काच स्वतःच ७८ टक्के प्रकाश सोडत असेल तर दोन्ही मिळून ०.७८ × ०.७०, म्हणजे साधारण ५५ टक्केच उरतात. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ४३ पुढच्या काचेला किमान ७० टक्के मागतो. तिथे ही काच सरळ नापास. दुकानदाराने फिल्म लावण्याआधी कोरी काच मोजली, तर हा प्रश्न तिथेच मिटतो.

उणिवाही आहेत. एकाच रंगाचा दिवा वापरणारे स्वस्त मीटर रंगीत फिल्मवर फसतात. तिरक्या पुढच्या काचेतून चालकाची नजर तिरपी जाते, तर मीटर काचेला काटकोनात मोजतो. चालकाला प्रत्यक्षात त्याहून थोडा कमीच उजेड मिळतो. आणि आरशासारख्या फिल्मची चकाकी मागच्या चालकाच्या डोळ्यांवर किती येते, ते हे यंत्र मोजतच नाही. त्यासाठी परावर्तनाची वेगळी चाचणी लागते.