बक्षिसाचा लोकरी बटवा: जोडकाम करावं की भरतकाम?

१९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ या मध्ययुग पुन्हा जगून बघणाऱ्या हौशी संस्थेच्या मेळाव्यांत हौशी तिरंदाज मध्ययुगीन पोशाखात नेम धरतात. तिथे हाताने घडवलेल्या बक्षिसाला मोठा मान असतो. कमरपट्ट्याला अडकवायचा लोकरी बटवा तर नेहमी वापरात राहतो. बोटांचं चामडी कवच, धनुष्याची जादा दोरी, दोरीला लावायचं मेण सगळं त्यात मावतं. अशा स्पर्धेसाठी बटवे शिवायचं काम तुम्ही अंगावर घेतलं असेल, तर आधी सजावट ठरवा. बटव्याच्या बाजू शिवायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ सजावटच खाते.

माझं मत स्पष्ट आहे: बटवे अनेक असतील तर जोडकाम, एकच असेल तर भरतकाम.

जोडकाम म्हणजे रंगीत लोकरी तुकडे कापून वर शिवणं. त्याची सोय कापडातच असते. गरम पाण्यात घुसळून आकसवलेल्या लोकरीचे धागे एकमेकांत इतके गुंततात की कापलेली कड सुटत नाही. म्हणजे कड दुमडायची गरज नाही, कडेने बारीक हेमचे टाके घातले की झालं. नखाने कड खरवडून बघा. धागे निघाले तर कापड गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये फिरवा. ते आकसणार, म्हणून घेतानाच जरा जास्त घ्या.

नक्षी शोधायला लांब जायला नको. तिरंदाजीच्या लक्ष्याचे पाच रंग समोरच आहेत: मधोमध पिवळा, मग लाल, निळा, काळा, कडेला पांढरा. पण पाचही चकत्या एकावर एक शिवल्या तर मध्यभागी सुई घुसता घुसत नाही. त्यासाठी पिवळी चकती लालवर शिवा, उलटं करा आणि मागचं लाल कापड टाक्यापासून अर्धा सेंटिमीटर सोडून कापून टाका. मग ही जोडी निळ्यावर, पुन्हा मागून कापणी, असं बाहेर बाहेर जा. चकती सपाट बसते, बटवा फुगत नाही. लाल कापडाचा रंग जातो का, हे आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघाच.

या कामाला इतिहासाचाही आधार आहे. स्वीडनमधल्या १५व्या शतकातल्या दालहेमच्या पांघरुणात रंगीत लोकरी तुकडे एकमेकांत बसवून सांध्यांवर सोनेरी मुलाम्याच्या चामडी पट्ट्या शिवल्या आहेत.

भरतकामाचं वैभव वेगळंच. ११व्या शतकातला, सुमारे ७० मीटर लांबीचा बायोचा पट (बायो या फ्रेंच गावाच्या नावाने ओळखला जाणारा चित्रपट्टा) तागाच्या कापडावर लोकरी धाग्याने भरलेला आहे. त्याच्या खालच्या किनारीत तिरंदाजांची रांग दिसते, म्हणजे विषयही आपलाच. लांब धागे शेजारी शेजारी पसरायचे, त्यांवर आडवे धागे टाकून छोट्या टाक्यांनी बांधायचे, ही त्याची रीत. धागा मागच्या बाजूला फारसा जात नाही आणि रंग भरगच्च दिसतो. एक तिरंदाज असा भरला तर बघणारा हातातून बटवा सोडत नाही.

पण हाच बटवा मैदानावर रोज घासला जाणार, बकलला अडकणार. पसरलेले लांब धागे अशा वेळी ओढले जातात. भरायचंच असेल तर देठ टाका किंवा साखळी टाका घ्या, तो घट्ट बसतो. वेळही मोजा: जोडकामाचा बटवा एका सुट्टीच्या दिवसात उरकतो, भरलेल्या तिरंदाजाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

क्राफ्टच्या दुकानातलं स्वस्त फेल्ट मात्र नको. ते बहुधा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिस्टर असतं. कोपरा जाळून बघा: लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, कृत्रिम धाग्याचा कडक मणी होतो. भारतातून आणलेली घोंगडी वापरायचा मोह मलाही होतो, पण खळ दिलेलं ते जाडंभरडं कापड बारीक चकत्यांना दाद देत नाही. मोठ्या पिशवीला ती शोभेल.

नाडी लोकरी धाग्याची वळा, आत तागाचं अस्तर लावा आणि वाटप होईपर्यंत बटवे झाकणबंद डब्यात ठेवा, नाहीतर कसर लागते.