प्रेशर एक्स्चेंजर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील आमच्या कारखान्यात समुद्राचे पाणी गोडे करणारा आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) संच आहे. तासाला 100 घनमीटर पाणी 60 बार दाबाने मेंब्रेनमध्ये, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यात, जाते, त्यातले 40 घनमीटर गोडे होते आणि उरलेले 60 घनमीटर जास्त खारे पाणी, म्हणजे रिजेक्ट, 58 बार दाबानेच बाहेर येते. हा दाब आम्ही कित्येक वर्षे थ्रॉटल व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे प्रवाह आवळणाऱ्या झडपेत, मारत होतो. हिशेब केला तर ती जवळजवळ 97 किलोवॅट शक्ती होते. गेल्या पावसाळ्यानंतर तेथे प्रेशर एक्स्चेंजर बसवला.

त्यात आरपार नळ्यांचा एक सिरॅमिक रोटर असतो आणि नळीत शिरलेले रिजेक्ट समोरच्या ताज्या पाण्याला थेट ढकलून आपला दाब त्याला देते. त्याला मोटर नाही, शाफ्ट नाही, आणि बेअरिंगचे काम पाण्याचा पातळ थरच करतो. पूर्वी अमोनिया प्लांटमध्ये कार्बोनेट द्रावणाच्या दाबातून अशीच शक्ती परत मिळवणारा हायड्रॉलिक टर्बाइन मी सांभाळला आहे. दाब उतरताच द्रावणातून सुटणारा वायू आणि सीलची कटकट आठवली, की हे यंत्र फारच सोशिक वाटते.

उच्च दाबाच्या दोन प्लंजर पंपांपैकी एक आता राखीव आहे आणि दुसराही कमी वेगाने चालतो. उरलेला दोन-तीन बारचा फरक छोटा बूस्टर पंप भरून काढतो. समुद्रातून पाणी उचलण्याचा खर्च सोडला, तर एका घनमीटर गोड्या पाण्याला पूर्वी सुमारे 5 युनिट वीज लागत असे, ती 2.4 युनिटांवर आली आहे.

मात्र पहिल्या महिन्यात आमच्याच ऑपरेटरने पाणी वाचवण्याच्या हेतूने कमी दाबाच्या बाजूचा, म्हणजे नळ्यांतले रिजेक्ट बाहेर लोटणाऱ्या ताज्या पाण्याचा, प्रवाह आवळला. परिणामी नळ्या पुऱ्या धुतल्या जाईनात, रिजेक्ट ताज्या पाण्यात मिसळू लागले आणि मेंब्रेनचा दाब चढला. दोन्ही बाजूंचे प्रवाह सारखे ठेवल्यावरही क्षार दोन-तीन टक्के वाढतातच. तेवढे गृहीत धरावे. दोन्ही बाजूंना स्वतंत्र फ्लो मीटर नसतील, तर हे यंत्र घेऊच नये.

खरी धांदल आषाढात उडाली. एका रात्रपाळीत रोटरची नेहमीची कर्कश शीळ अचानक थांबली आणि पाठोपाठ गोड्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (क्षारांचे प्रमाण दाखवणारे माप) चढू लागली, कारण थांबलेल्या रोटरमधून रिजेक्ट सरळ मेंब्रेनकडे परतत होते. संच बंद करून यंत्र उघडले, तेव्हा फाटलेल्या कार्ट्रिज फिल्टरमधून आलेली प्लास्टिकची नखाएवढी चकती रोटर आणि झाकण यांच्यामध्ये अडकलेली सापडली. सिरॅमिकवर ओरखडाही नव्हता. स्वच्छ धुऊन, हातमोजे घालून जुळवल्यावर रोटर बोटाच्या धक्क्याने फिरला. पुरवठादाराने मात्र फोनवर तीन दिवस केवळ फिल्टरचे फोटो मागवले.

आवाजाची तक्रार कायम आहे. शेजारी उभे राहून बोलता येत नाही, म्हणून कानांवर मफ सक्तीचे केले आहेत. तरीही पाळीवरच्या लोकांना मी सांगितले आहे, की फेरी मारताना यंत्राजवळ क्षणभर थांबून ती शीळ ऐकावी आणि मगच मीटर वाचावेत.