कॅरिअरचे बोल्ट: आठ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत आंबोली घाट उतरताना बाइकच्या मागून खडखड ऐकू यायला लागली. थांबून बघतो तर कॅरिअरचा डावा बोल्ट गायब, उजवा बोटांनी फिरतोय आणि पट्टीचं भोक लांबुळकं झालेलं. त्या एका बोल्टवर पंधरा किलो सामान होतं. मागे बायको बसली होती.

जुने बोल्ट स्टेनलेसचे, चकचकीत, डोक्यावर ए२-७० हा ताकदीचा दर्जा लिहिलेले. गंजत नाहीत म्हणून हौसेने घेतले होते. पण ते साधारण ४५० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला कायमचे लांबतात, ८.८ दर्जाचा पोलादी बोल्ट ६४० पर्यंत टिकतो. आता सगळीकडे ८.८ च वापरतो. डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट गाडीला लावायचा नाही.

स्प्रिंग वायसरवरचा (बोल्ट सुटू नये म्हणून घालतात ती चिरलेली कडी) माझा विश्वास उडाला. आडव्या हादऱ्यांनी बोल्ट कसा सुटतो ते जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी १९६९ सालीच दाखवलं होतं, आणि तशा चाचणीत हे वायसर फारसे टिकत नाहीत. बोल्टातला ताणच जोड धरून ठेवतो. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, घेतला. कॅरिअरच्या एम८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टांना २५ न्यूटन-मीटर पीळ देतो. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तिथे तोच पाळतो.

मागून पाना जातो तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला), दर वेळी नवा. सायलेन्सरजवळ मात्र तो नको, उष्णतेने नायलॉन मऊ पडतं. तिथे पूर्ण धातूचा लॉक नट. चॅसीत वेल्ड केलेल्या नटाला निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांत सुकून बोल्ट धरून ठेवणारा द्रव. आटे ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे केले, दोन थेंब टाकले, आवळलं आणि रात्रभर गाडी हलवली नाही. तेलकट आट्यांवर ते नीट धरत नाही. लाल, म्हणजे जास्त पक्कं थ्रेडलॉकर घेऊ नका, सोडवायला बोल्ट चांगलाच तापवावा लागतो.

बोल्ट फिरला तर कळावं म्हणून प्रत्येक डोक्यावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या पेंटची रेघ मारली होती. साडेसहा हजार किलोमीटरनंतर सगळ्या रेघा जागेवर आहेत, तरी एक बोल्ट ढिला निघाला. खोलून पाहिलं तर वायसरखालचा पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाचा जाड थर दबून चपटा झाला होता. बोल्ट फिरला नव्हता, ताणच गेला होता. तेवढी जागा खरवडून, आटे पुन्हा साफ करून, नवं थ्रेडलॉकर लावून आवळला. दोन महिने झाले, घट्ट आहे.

गंजाचा त्रास आहेच. मालवणच्या दोन फेऱ्यांत नव्या बोल्टांच्या जस्ताच्या मुलाम्यावर तांबूस ठिपके आले. आता धुतल्यावर डोक्यांना ग्रीसचा हात फिरवतो.