कॅंडीत 56,300 रुपयांना पडलेली पौर्णिमा

आकडा श्रीलंकन रुपयांतला आहे. आपले साधारण साडेसोळा हजार. बँकेत एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस हे लिहितोय, त्यामुळे हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

टूर कंपनी नको, सगळं स्वतः ठरवायचं, हा हट्ट माझाच. सिगिरिया, दांबुल्ला छान झालं. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत असते, पासपोर्ट दाखवून तीही मिळवली. म्हणजे अगदीच बावळट नव्हतो!

कॅंडीत सकाळी तळ्याकाठून दलदा मालिगावाकडे (बुद्धाच्या दाताचं देऊळ) निघालो होतो, साडेनऊची पूजा गाठायला. समोरून एकजण हसत आला. "सर, ओळखलं नाही? तुमच्या हॉटेलच्या किचनमध्ये असतो." कोणतं हॉटेल, हे मीच नाव घेऊन विचारलं. त्याने मान डोलावली. झालं. (कुठे उतरलात ते रस्त्यात कुणालाही सांगू नका.)

म्हणाला, आज पोया आहे, देवळात दोन-दोन तास रांग, संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला या. तोवर माताळेची मसाल्याची बाग बघा, सरकारी आहे, पोयाला पाहुण्यांना अर्ध्या दरात.

पोया म्हणजे पौर्णिमा. तिकडे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. आणि आम्ही आदल्याच रात्री हॉटेलच्या गॅलरीतून चंद्र बघून संकष्टी सोडली होती! साडेनऊपर्यंत उपाशी बसलो होतो त्या चंद्रासाठी. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, आज कसली पौर्णिमा?" मी काय म्हणावं? "यांचं पंचांग वेगळं असेल." समोर बँक उघडी होती. सुट्टीच्या दिवशी बँक उघडी, आणि ते मला दिसू नये, मला! पण परक्या गावात कुणी ओळख दाखवली की बरं वाटतं हो.

टुकटुकवाला त्याचाच. ठरले 2,500, परत आल्यावर 'थांबण्याचे' धरून 9,500. टुकटुक बोलवायचं पिकमी ॲप फोनमध्ये होतं, उघडलं नाही. भाडं जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट ठरवा, नाहीतर बसू नका.

बागेत फुकट चहा, पाठीला मालीश, बायकोच्या गुडघ्यांची चौकशी. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. बाटल्यांवर किमती नाहीत, नुसते नंबर. 6 बाटल्या तेल, प्रत्येकी 6,500. दालचिनीची 2 पाकिटं, प्रत्येकी 3,900. एकूण 46,800. आकडा काउंटरवर कळला, तेव्हा पाचजण भोवती उभे होते. कार्ड दिलं. शुल्कासकट 13,889 आपले रुपये गेले. तशीच दालचिनी दुसऱ्या दिवशी कॅंडीच्या बाजारात 900 ला दिसली. तेलाला तिळाचा आणि निलगिरीचा वास येतो, गुडघे जसेच्या तसे.

हॉटेलच्या किचनमध्ये दोघी बायका आहेत. पुरुष एकही नाही.

पोलीस चौकीत दीड तास बसवलं. साहेब जेवायला गेलेले. आले, पावती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, पावती आहे, म्हणजे तुम्ही खरेदी केलीत. सरकारी बाग सांगून नेलं त्याचं काय? लेखी आहे का? टुकटुकचा नंबर? नव्हता. (फोटो काढा, बसण्याआधी!) मग एका रजिस्टरमध्ये माझं नाव, पासपोर्ट नंबर आणि वडिलांचं नाव लिहून घेतलं. फसवणाऱ्याबद्दल एक ओळ नाही. तक्रारीची प्रत मागितली तर उद्या या. उद्या सकाळी एल्लाची गाडी होती, हे त्यांनाही ठाऊक असणार. पर्यटन खात्याची 1912 ही हेल्पलाइन मला नंतर कळली. तुम्ही आधीच लिहून ठेवा.

इथल्या बँकेने तर कमाल केली. "सर, पिन तुम्हीच टाकलात ना?" हे वाक्य मी स्वतः काउंटरमागून शेकडो लोकांना ऐकवलं आहे.

साडेसहाची पूजा राहिलीच. आता दर संकष्टीला चंद्र उगवला की बायको गॅलरीतून मुद्दाम हाक मारते, "अहो, बघा, पौर्णिमा!"