पासाउला बोट लागली की: साल्झबुर्गची बस, की गावातच?

डॅन्यूबच्या बोटीवर आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर हा वाद हमखास होतो. उद्या पासाउ, जर्मनीतलं नदीकाठचं गाव. बसने दिवसभरासाठी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जायचं, की इथेच फिरायचं? मी दोन्ही केलंय, वेगवेगळ्या वेळी.

साल्झबुर्गची वकिली करावी लागत नाही. मोझार्ट १७५६ मध्ये जन्मला ते गेट्राइडेगासेवरचं घर, मिराबेलची बाग, डोक्यावर होहेनसाल्झबुर्गचा किल्ला. गाव देखणं आहे, यात वाद नाही. ऑस्ट्रियाला पुन्हा येणं होईलच असं नसेल, तर तिकडे मन ओढणं साहजिक आहे.

माझं बिनसलं ते घड्याळाशी. एका बाजूचेच दीड-दोन तास बसमध्ये. मोठ्या बस जुन्या शहरात जात नाहीत, म्हणून उतरल्यावर पुन्हा चाल. मग कानात यंत्र लावून गाइडमागे फिरा, स्वच्छतागृहाच्या रांगेत थांबा, डोकी मोजून घ्या. आणि दर वेळी कुणीतरी दोघं आलेले नसतातच. जो मोकळा वेळ हाती आला, तो ‘आधी जेवायचं की किल्ला’ यातच संपला. किल्ला खालूनच पाहिला. सगळ्यांचं असंच होत असेल असं नाही, आमचा गटही जरा मोठा होता.

पासाउत चहा सावकाश पिऊन निघालं तरी चालतं. जुनं गाव डॅन्यूब आणि इन या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलंय. टोकापर्यंत चालत गेलं की पलीकडून इल्झही येऊन मिळते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर रमणारा माणूस इथून लवकर हलणार नाही. आल्प्समधून येणारी इन फिकट हिरवी, दलदलीतून येणारी इल्झ काळसर, मध्ये डॅन्यूब. गंमत म्हणजे सरासरी पाहिलं तर इन डॅन्यूबपेक्षा जास्त पाणी आणते, पण पुढे नाव चालतं डॅन्यूबचं. रंगांची ही सरमिसळ ओबरहाउस किल्ल्यावरून जास्त नीट दिसते. चढ मात्र दमवतो. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. २०१३ ची खूण १५०१ च्या खालोखाल, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. ती पाहिल्यावर शांत वाहणाऱ्या नदीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

दुपारी बाराला सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये ऑर्गनची अर्ध्या तासाची मैफल. जवळपास १८ हजार नळ्यांचं ते वाद्य. संगीतातलं मला फार कळत नाही, पण खालचे सूर बाकातून अंगात येतात एवढं कळलं. पुढची दुपार आपली. कॉफी प्या, नाहीतर बोटीवर जाऊन झोपा.

सोबत मोझार्टवेडं कुणी असेल तर माझं ऐकू नका. आणि मैफल साधारण मे ते ऑक्टोबरमध्ये असते, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी नसते. पासाउचा मुक्काम नेमका रविवारी पडत असेल, तर बसचा विचार करायला हरकत नाही.