सिंडोपा: ११०, प्लस, २७५ की सीआर?

कंपवाताच्या या गोळीत सर्वांत गोंधळाचं काय असेल तर नावातला आकडा. तो गोळीतल्या दोन औषधांची, मुख्य औषध लेव्होडोपा आणि त्याचा जोडीदार कार्बिडोपा यांची, बेरीज आहे. ११० म्हणजे १०० + १० मिग्रॅ, २७५ म्हणजे २५० + २५. ‘प्लस’मध्ये १०० + २५, पण नावात आकडाच नाही! दुकानदाराने ११०च्या जागी प्लस दिली तर लेव्होडोपा तेवढंच राहतं, फरक पडतो तो कार्बिडोपात. पोट सांभाळण्याचं काम त्याचंच.

लेव्होडोपाचं डोपामिन (कंपवातात मेंदूत कमी पडणारं रसायन) करणारं विकर (एन्झाइम), डोपा डीकार्बोक्सिलेज, मेंदूत असतं तसंच आतड्यात, यकृतात आणि मूत्रपिंडातही असतं. डोपामिन तिथेच तयार झालं तर मळमळतं, रक्तदाब उतरतो आणि मेंदूच्या वाट्याला फार थोडं येतं. कार्बिडोपा या बाहेरच्या विकराला अडवतं. मेंदूत ते शिरत नाही, म्हणून तिथलं काम चालू राहतं. मात्र हा अडसर पुरता बसायला दिवसाला ७० ते १०० मिग्रॅ कार्बिडोपा लागतं. ११० तीनदा घेतली तर जेमतेम ३० होतं, प्लस तीनदा घेतली तर ७५. सुरुवातीच्या कमी डोसाला ११० म्हणूनच तोकडी पडते आणि ‘गोळी सोसत नाही’ अशी तक्रार येते. अशा वेळी डॉक्टरांना प्लसबद्दल विचारावं. उलटीसाठी घरातलं मेटोक्लोप्रमाइड मात्र देऊ नये, त्याने कंप वाढतो.

सीआर २५० (२०० + ५०) हळूहळू सुटते. रात्री कूस बदलता यावी यासाठी ती बरी, सकाळी अंग झटपट मोकळं व्हायला निरुपयोगी. ती चावायची किंवा कुटायची नाही. साध्या गोळीपेक्षा तिच्यातलं लेव्होडोपा अंगी कमी लागतं, म्हणून मिग्रॅला मिग्रॅ अशी अदलाबदल चुकते.

गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने घ्यावी. डाळ, दूध, पनीर, अंडी यांतली अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या दारात लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. लोहाची गोळी असेल तर दोन तासांचं अंतर ठेवावं. बद्धकोष्ठता असेल तर आधी ती हटवावी, कारण गोळी जठरातच रेंगाळली तर असर उशिरा होतो. लघवी गडद झाली तर घाबरायचं कारण नाही.

खाजकुइलीच्या बियांची पूड ‘नैसर्गिक’ म्हणून जोडीला घेणारे बरेच आहेत. तिच्यात लेव्होडोपाच असतं आणि प्रमाण दर खेपेला वेगळं, त्यामुळे डॉक्टरांनी बसवलेला डोस बिघडतो. पूड घेत असाल तर त्यांना सांगा, आणि गोळी एकाएकी बंद करू नका: ताप, अंगाचा कडकपणा, बेशुद्धी इथपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.